शेणाच्या गोळ्यातला दात आणि राहिलेली चार मिनिटे

प्रति,
मा. सचिव,
शहापूर-मुरबाड आंतरशालेय मुलींची कबड्डी स्पर्धा समिती,
मु. म्हसा, ता. मुरबाड, जि. ठाणे.

अर्जदार : कु. भूमिका हरेश निमसे, इयत्ता दहावी, कर्णधार, खर्डी संघ.

विषय : उपांत्य सामन्यातील राहिलेली चार मिनिटे खेळू देण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. १३ डिसेंबरचे पत्र, "पंचांच्या परवानगीविना मैदान सोडल्याने खर्डी संघ पराभूत."

महोदय,

वरील विषयास अनुसरून खालीलप्रमाणे अर्ज करते. घटनेच्या वेळी आपण जेवणाची व्यवस्था बघायला गेला होतात, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

१. हा अर्ज खरं तर आमचे दीपेश सर लिहिणार होते. मी म्हटलं, सर, कर्णधार मी, मैदान सोडलं मी, मग कागदावर तुम्ही कशाला? गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. त्यामुळे सरांनी खूश होऊन स्वतःचं पेन काढून दिलं. तरी चुका माझ्या समजाव्यात.

२. प्रथम प्रामाणिकपणे नमूद करते की, खेळ थांबला तेव्हा आम्ही बावीस-तेवीस असे एका गुणाने मागे होतो. चार मिनिटे बाकी होती आणि आमच्या काशीची चढाई चालू होती. काशी पंधरा वर्षांची आहे, पण उंचीने एवढीशी, त्यामुळे समोरच्या संघाला ती दिसेपर्यंत शिवून परत आलेली असते. या वेळी मात्र म्हसा संघाची कर्णधार कुणाली हिने तिला पकडलं आणि पकडताना कुणालीचं कोपर काशीच्या तोंडावर बसलं. ते मुद्दाम नव्हतं. काशीचा समोरचा वरचा दात मुळासकट निघून मातीत पडला. काशी उठून बसली आणि रक्त पुसायच्या आधी म्हणाली, "माजी फढाई धरली का?"

३. यानंतर मैदानावर जमलेल्या प्रत्येक व्यक्तीने एकेक उपचार सुचवला. हळद भरा, मशेरी लावा, मान मागे टाका, मान पुढे घ्या. एक काका तर म्हणाले, "शेजारचा पन हलतोय, तो बी काढून टाका, एकदाच काय ते." मी रुमालाची घडी करून काशीला दाताच्या जागी दाबून धरायला लावली आणि दात शोधायला वळले, तर दात गायब.

४. दात सुंदराआजींनी उचलला होता. सुंदराआजी, जिच्या मैदानावर सामना होता त्या म्हशाच्या शाळेत खिचडी शिजवतात, हे आपणास माहीतच आहे. त्यांनी अत्यंत मायेने, मैदान सारवायला आणलेल्या शेणाचा गोळा करून त्यात तो दात बसवला आणि "उंदीरमामा, जुना घे, नवा दे" म्हणत शाळेच्या कौलांवर भिरकावला. नेम उत्तम होता. पहिली-दुसरीच्या मुलांचे दात त्या कित्येक वर्षं असेच टाकतात. मी ओरडले, "आजी, तो दुधाचा नव्हता!" तर त्या म्हणाल्या, "नाय कसा? केवढीशी तर पोर!"

५. येथे माहितीस्तव नमूद करते की, ऑगस्टमध्ये आमच्या शाळेत दातांचं शिबिर झालं होतं. फुकट ब्रश मिळणार म्हणून मी पहिल्या रांगेत बसले, आणि बसलेच होते म्हणून ऐकलं. दुधाचा दात पडला तर नवा येतो, तो परत बसवायचा नसतो. कायमचा दात पडला तर उंदीरमामा काहीही करू शकत नाही. तोच दात शोधायचा. वरच्या पांढऱ्या भागाला धरायचं, मुळाला बोट लावायचं नाही, घासायचं तर अजिबात नाही. स्वच्छ असेल तर लगेच त्याच जागी बसवायचा, नाहीतर गार दुधात ठेवायचा आणि तासाच्या आत, जमेल तितक्या लवकर डॉक्टर गाठायचा. त्यामुळे माझ्या डोक्यात गुणफलक नव्हता, घड्याळ होतं.

६. मी शिडी मागितली. पंच अनिता मॅडम यांनी ती धरली. वर जाऊ का, असं मी रीतसर विचारलं. त्यांच्या तोंडात शिट्टी आणि दोन्ही हातांत शिडी असल्याने त्यांनी मान हलवली. ही मान परवानगी धरावी, अशी नम्र विनंती आहे. माझ्यामागून आमच्या तिघी आणि कुणालीच्या संघातल्या चौघी चढल्या, बाकीच्या खालून बोट दाखवू लागल्या. वर दिवाळीपासूनचे अकरा गोळे निघाले. दहा वाळून खडखडीत. ओला एकच, दोन कौलांच्या फटीत घरंगळलेला. तीन कौलं उचलून तो काढला. कौलं माझे बाबा येत्या बुधवारी बसवून देतील.

७. गार दूध फक्त प्रमुख पाहुण्यांच्या मसाला दुधासाठी आणलेलं होतं. पातेलं चुलीवर चढणार इतक्यात मी एक पिशवी घेतली आणि कात्री नसल्याने दातांनी फोडली (माझ्या). अर्ध्या दुधात दात हलकेच खळबळला, उरलेलं स्टीलच्या ग्लासात ओतून त्यात ठेवला. पाहुण्यांना दूध कमी पडलं, त्याबद्दल दिलगीर आहे.

८. जैतूदादांनी रिक्षा काढली. दीपेश सर पुढे, काशी, मी आणि कुणाली मागे. कुणालीला कोणी बोलावलं नव्हतं. ती रडत रडत ग्लास दोन्ही हातांनी धरून आधीच बसली होती. मुरबाडपर्यंत प्रत्येक खड्ड्याला ती "हळू, जैतूदादा!" आणि रुमालाआडून काशी "फाश्ट!" असं ओरडत होती. दोघींचं ऐकून जैतूदादांनी मधलाच काहीतरी वेग धरला. दात पडल्यापासून बेचाळीस मिनिटांत आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे पोहोचलो. त्यांनी ग्लासात बघितलं आणि विचारलं, "दूध बरोबर आहे, पण दुधाला हा वास कसला?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दूध पुस्तकात आहे, शेण कुठल्याच पुस्तकात नाही." मग त्यांनी दात नीट धुऊन जागेवर बसवला, शेजारच्या दातांना तारेने बांधला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला लावलं. दात शेवटपर्यंत टिकेल असं आत्ताच सांगत नाही, पण वेळेत आणलात म्हणून संधी आहे, असं ते म्हणाले. सुंदराआजींना फोनवर कळवलं, तर त्या आधी रडल्या आणि मग म्हणाल्या, "आता कोनाचा बी पडला, तर आधी विचारीन गो, दुधाचा का कायमचा."

९. आता नियमाबद्दल. नियम क्र. ९ म्हणतो, जो संघ परवानगीविना मैदान सोडेल तो पराभूत. पंचांची मान धरायची नसेल, तर मैदान दोन्ही संघांनी सोडलं होतं, म्हणजे उपांत्य सामना दोघे हरले. मग दुसरा उपांत्य सामना जिंकलेला संघ रविवारच्या अंतिम सामन्यात कोणाशी खेळणार, हे समितीने कळवावे. कुणालीचं म्हणणं तिच्याच शब्दांत देते : "आमी पन कौलावर व्हतो. असं फुकटचं फायनलला जायला आमाला लाज वाटते." तिच्या संपूर्ण संघाने या अर्जावर सह्या केल्या आहेत.

तरी विनंती की, शनिवार दि. २० रोजी दोन्ही संघांना राहिलेली चार मिनिटे त्याच गुणसंख्येवरून खेळू द्यावीत. काशीला खेळायची बंदी आहे, तिच्या जागी राखीव खेळाडू पूजा उतरेल. काशी रेषेबाहेर बसेल. डॉक्टरांनी तिला पुढच्या दातांनी चावायला मनाई केली आहे, ओरडायला नाही.

आम्ही हरूसुद्धा, कुणालीची पकड आपण आधीच्या सामन्यांत बघितलीच आहे. पण मग घरी सांगता येईल की खेळून हरलो. कौलावर चढले म्हणून हरलो असं सांगून पाहिलं, तर माझी आजी म्हणाली, "मंग बरं केलंस की!" आणि भाकरी वाढून निघून गेली. हरल्यावर कोणीतरी थोडं तरी रागवायला हवं, महोदय.

शनिवारी सकाळी आठपासून शिट्टीची वाट बघत असलेली,
आपली नम्र,

भूमिका हरेश निमसे
खर्डी, ता. शहापूर
दि. १५ डिसेंबर २०२५

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला.
२) म्हसा संघाच्या सह्या (एक सही दुधाच्या डागाखाली आहे, ती कुणालीची).
३) तार दिसेल असा काशीचा हसरा फोटो. परत मिळावा, तिला तो आईला दाखवायचा आहे.