पदराखालचे हात

जळगाव जामोद, गुरुवार, डिसेंबर १९६४

पार्वताबाईंनी शेवटपर्यंत हात पदराबाहेर काढले नाहीत. उलट मलाच जे विचारलं, तेच डोक्यात बसलंय.

माझ्या फोटो स्टुडिओतला ताजमहाल रंगवलेला पडदा पुरे झाला, राबणाऱ्या माणसांचे फोटो त्यांच्या कामाच्या जागी काढायचे आणि मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवायचे, असं मी महिन्यापूर्वी ठरवलं. आज कापूस वेचणाऱ्या पार्वताबाईंकडे गेलो. बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली त्यांची बोटं मला हवी होती. बाई मात्र शेतात नवं लुगडं नेसून, हात पदराखाली घेऊन उभ्या.

"मावशी, रोजच्यासारखा कापूस वेचा. हात दिसू द्या."

"काऊन? तुमच्या दुकानात तुमच्या मायचा फोटू हाय. तिले भांडे घासाले लावलं होतं काय फोटूसाठी?"

रोलमध्ये एकच फोटो उरला होता. त्या उभ्या होत्या तसाच काढला.

वाटलं होतं, खोटेपणा सोडून काहीतरी खरं करतोय. पण खरं म्हणजे काय? दुसऱ्याच्या आईचे हात?

दुकानात आल्यावर आईच्या फोटोसमोर बसलो. आई जन्मभर लोकांची भांडी घासायची. राखेनं तिची बोटं फाटलेली असत. फोटोत ती ताजमहालापुढे बसली आहे, अंगावर शाल, हात शालीच्या आत.

ती शाल मीच तिला पांघरवली होती. तिला थंडी वाजत नव्हती.