पेंगू पहारेकऱ्याची नोंद

१२ जून

चि. चौकसबाईंस,
अ. उ. आ.

तुमच्या कोशात सध्या चित्रकथांचं काम चाललंय, असं तुझ्या आईकडून कळलं. म्हणजे आमच्या साप्ताहिकातल्या मुखवटेवाल्या वीराची नोंद होणार आणि तीत चित्रकारसाहेबांचं नाव येणार. येऊ दे, काढला त्यांनीच. पण कोपऱ्यात भिंतीला टेकून झोपणारा पेंगू पहारेकरी आठवतो ना? नाकासमोरून चोर पळाला तरी डोळा न उघडणारा? तो तुझ्या मामीने काढलेला. कोपरे भरणाऱ्याचं नाव छापायची तेव्हा रीत नव्हती, त्यामुळे तिचं नाव कुठेच नाही. पेंगूला स्वतंत्र नोंद मिळेल का?

ती स्वतः काही मागणार नाही. फक्त तुझा फोन आला की भांडी घासता घासता नळ बंद करते. मी छापखाना काढला तो शाळा अर्धवट सोडून; कोशातलं मला कळत नाही, पण बंद झालेला नळ ऐकू येतो.

आशीर्वाद आहेतच, लोभाचं तू बघ.
तुझा मामा

२० जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पेंगू मलाही हवाय. पण मी पडले घरची, माझं मत धरत नाहीत. नियम असा, की नात्यागोत्याबाहेरच्या कुणीतरी त्या पात्राविषयी काही लिहून छापलेलं हवं, आणि ते कुणी काढलं याचाही छापील पुरावा हवा. आमचे मुख्य संपादक म्हणतात, असे कोपऱ्यातले आत घेतले तर उद्या वीराचा घोडाही अर्ज करेल.

मामीला इतक्यात काही बोलू नका. आणि मामा, तुम्ही कसलीही खटपट करू नका. मी ओळखते तुम्हाला.

माया आहे तशीच ठेवा.
तुमची भाची

४ जुलै

चि. चौकसबाईंस,
अ. उ. आ.

सोबत छापील पुस्तिका पाठवतोय. लिहिणारे तिघे: आमचे दातांचे डॉक्टर, बाइंडर आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. एकही नात्यातला नाही. याला खटपट म्हणत नाहीत, ओळखीपाळखी म्हणतात.

घाईत आहे, तरी आशीर्वाद पूर्ण समज.
मामा

१७ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पुस्तिका ऑफिसभर फिरली. तिघांनीही पेंगूला ‘झोपेचा दीपस्तंभ’ म्हटलंय, त्यामुळे मजकूर कुणाचा हे कुणाला विचारावं लागलं नाही. डॉक्टरांनी त्याच्या दंतपंक्तीचं कौतुक केलंय. पेंगूचं तोंड कायम मिशीखाली मिटलेलं. आणि खाली ठसठशीत छापखाना आपलाच.

संपादक असे भडकले, की संस्थेच्या त्रैमासिकात त्यांनी ‘कोशात कोण नको’ असा लेखच छापला. त्यातली तीन पानं एकट्या पेंगूवर. जुने अंक काढून वाचले, चित्रकारसाहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, तो माणूस माझा नव्हे, मालकांच्या बायकोने रिकामी जागा भरायला काढलेला. हेही जसंच्या तसं छापलंय. अंक पाठवतेय, पण मामीला दाखवू नका. मलाच वाचवेना.

रागावला असाल तर रागावून का होईना, लिहा.
तुमची भाची

२३ जुलै

चि. चौकसबाईंस,
अ. उ. आ.

उशीर झाला. पाकीट तिनेच फोडलं. मी म्हटलं, आता आभाळ कोसळणार. तर ती शांतपणे म्हणाली, या गृहस्थांनी नीट पाहिलंय. पेंगू झोपला तरी त्याचा कंदील विझत नाही, हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग चष्मा लावून ‘मालकांच्या बायकोने’ ही ओळ पुन्हा वाचली.

आता तू नियम पुन्हा वाच. माणूस बाहेरचा, नात्यातला नाही, मजकूर छापील, आणि कुणी काढलं तेही आत. आमच्या दीपस्तंभाला जे जमलं नाही, ते तुझ्या साहेबांनी शिव्या देऊन करून ठेवलंय. त्यांना माझा नमस्कार सांग. सावकाश सांग.

तुझा मामा

६ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

बैठकीत मी फक्त त्यांचाच लेख त्यांच्यापुढे ठेवला. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. नियम त्यांनीच केलेला, मोडणार कसा? नोंद मंजूर झाली. ती लिहायचीही त्यांनाच, कारण पेंगूवर त्यांच्याइतका अभ्यास कुणाचाच नाही. मामीचं नाव पहिल्याच ओळीत आहे, ‘मालकांची बायको’ म्हणून नव्हे, तिचं स्वतःचं, पूर्ण. नोंदीसाठी चित्र हवं म्हणून त्यांनी तिला वेगळं पत्र घातलंय. ती काय म्हणते, ते लगेच कळवा.

तिला माझे दोन नमस्कार.
तुमची भाची

१३ ऑगस्ट

चि. चौकसबाईंस,
अ. उ. आ.

पत्र आलं. पोस्टमनने सवयीने माझ्या हातात दिलं. तिने वरचं नाव वाचलं आणि काढून घेतलं. उभ्यानेच वाचलं. मी सुचवलं, पेंगूचा जुना छपाईचा ठसा पडलाय कपाटात, तोच पाठवू. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी छापखान्यात निघून गेलो.

नवं काढणार आहे म्हणते. पण तुझ्या साहेबांना तिचा निरोप दे: पानावर जागा किती रिकामी सोडलीय, ते लांबी-रुंदीसह कळवा, त्याशिवाय आपण पेन्सिल उचलत नाही.

आम्हा दोघांचे आशीर्वाद. तिचे आधी.
मामा