माणसे धरून मोजलेले सभागृह

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
परीक्षा विभाग, अभियांत्रिकी महाविद्यालय,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : अंतिम वर्षाच्या प्रकल्पाची फेरतपासणी व्हावी, तसेच न केलेल्या चुकीच्या कबुलीवर अर्जदार सही करणार नाही, याबाबत.

संदर्भ : १) तोंडी परीक्षा, दि. ४ मे. २) आपल्या विभागाचा छापील 'फेरसादरीकरण नमुना'. ३) विनापरवाना जमावाबद्दलची नोटीस, दि. ९ मे.

महोदय,

१. अर्जदार ही वास्तु अभियांत्रिकी पदवीच्या अंतिम वर्षाची विद्यार्थिनी आहे. प्रकल्पासाठी तिने दोनशे चाळीस आसनांचे प्रवचनगृह काढले. तिची आत्या गेली चाळीस वर्षे गाऊन प्रवचन सांगते, आणि अर्जदार परकर नेसायच्या वयापासून पहिल्या रांगेत बसून ते ऐकत आली आहे. कोणत्या छताखाली शब्द कानापर्यंत येतो आणि कोणत्या छताखाली तो वरच लटकून राहतो, हे पुस्तकाच्या आधी तिला आत्याच्या घशाने शिकवले. म्हणून या प्रवचनगृहात माईक नाही. हे तिने पहिल्याच शीटवर लिहिले होते.

२. टाळी वाजवल्यावर आवाज किती वेळ घुमतो, याचा हिशेब अर्जदाराने दोन रकान्यांत मांडला. रिकाम्या सभागृहात पावणेतीन सेकंद. भरलेल्या सभागृहात एका सेकंदाहून थोडा जास्त. हा फरक माणसांचा. माणूस आणि त्याचे कपडे आवाज पिऊन टाकतात. माणशी किती, तो आकडा आपल्याच पाठ्यपुस्तकात आहे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी 'श्रोते : २४०' या ओळीवर लाल रेघ मारली व विचारले, "माणसं आलीच नाहीत तर?" अर्जदार म्हणाली, "सर, माणसं आली नाहीत तर बोलायचं कोणाशी?" वर्ग हसला. वर्गाचे हसणे अर्जदाराच्या ताब्यात नव्हते. शेऱ्यात 'अव्यवहार्य' व 'उद्धट' असे दोन शब्द पडले आणि अर्जदार नापास झाली.

परीक्षकांच्या सूचनेप्रमाणे चारही भिंतींना फोम लावून अर्जदाराने पुन्हा गणित केले. रिकामे सभागृह उत्तम होते. माणसे बसली की मात्र गाणाऱ्याने उशीत तोंड खुपसून गावे, तशी गत होते.

३. शीट क्रमांक चारवर स्वच्छतागृहाचे दार थेट जिन्यावर उघडते. ही चूक अर्जदाराचीच. तिचे गुण खुशाल कापावेत.

४. फेरतपासणीसाठी अर्जदार आपल्या कार्यालयात आली असता, असा नमुनाच नाही, असे तिला सांगण्यात आले. आहे तो फेरसादरीकरणाचा. त्यात पहिलीच ओळ छापलेली आहे की, परीक्षकांनी दाखवलेली चूक मला मान्य आहे. परीक्षकांची चूक कोठे लिहावी, असे विचारता खिडकीतले वरिष्ठ लिपिक मायेने म्हणाले, "अगं बाई, करून टाक सही. सही म्हणजे काय खरं बोलणं आहे का?" ते भले गृहस्थ आहेत, त्यांच्यावर राग नाही. परंतु उद्या अर्जदाराची सही नकाशावर असेल आणि त्या नकाशाखाली माणसे बसतील, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे होते. अर्जदाराने सांगितले.

५. केवळ कागदावर भांडू नये म्हणून दि. ८ मे रोजी जेवणाच्या सुट्टीत अर्जदाराने ड्रॉइंग हॉलमध्ये प्रयोग केला. तो हॉल साधारण तेवढाच मोठा आहे. रिकाम्या हॉलमध्ये फुगा फोडून मोजले : अडीच सेकंद. मग विद्यार्थी, शिपाई, वाचनालयातल्या बाई, कँटीनची मंडळी असे सगळे दाटीवाटीने बसवून पुन्हा फोडला : सव्वा सेकंद. त्यानंतर आत्या उभी राहिली व माईकशिवाय वीस मिनिटे गायली, बोलली. हातातल्या कामातच देव पाहावा, असे ती सांगत असता शेवटच्या रांगेतून कँटीनचे आचारी, ज्यांना एका कानाने ऐकू येत नाही, उठून म्हणाले, "अहो माई, देव बघत बसलो तर पातेलं करपेल." आत्याने जागेवरूनच उत्तर दिले, "करपल्याचा वास कोण देतो, तेही बघा." म्हणजे शब्द गेला आणि परतही आला. प्रयोगशाळेला याहून वेगळे काय हवे असते?

दुसऱ्याच दिवशी आपली नोटीस आली. तीत 'विनापरवाना जमाव, एकूण १९० व्यक्ती' असे नमूद आहे. जी माणसे परीक्षकांच्या लेखी येतच नाहीत, ती आपल्या कार्यालयाने एक-एक करून मोजली, याबद्दल अर्जदार आभारी आहे. हा आकडा प्रयोगाच्या नोंदीत ग्राह्य धरावा.

६. अर्जदाराचे वडील बांधकामावर मुकादम आहेत. लेकीचे वर्ष वाचावे म्हणून तेही सही कर म्हणाले. सळईसुद्धा वाकवूनच वापरतात, असे त्यांनी समजावले. अर्जदाराने विचारले, "आणि ओळंबा, बाबा?" भिंत सरळ उभी आहे का, हे दाखवणारी ती वजन बांधलेली दोरी रोज त्यांच्याच पिशवीत असते. त्यांनी अर्जदाराचे ताट पुढे सरकवले आणि, जेवून घे, एवढेच म्हणाले.

७. सबब विनंती की, दुसऱ्या परीक्षकांकडून फेरतपासणी व्हावी. नमुना भरण्याची मुदत उद्या पाच वाजता संपते, हे अर्जदारास ठाऊक आहे. ती उद्या पाच वाजता खिडकीशी येणार नाही. वर्ष गेले तर देवाने दिलेल्या आयुष्यातले एक गेले. ते अर्जदार मागच्या बाकावर बसून पुन्हा काढील. पुढल्या मेमध्ये तेच परीक्षक आले तरी ती हेच प्रवचनगृह मांडील, आणि हिशेबात दोनशे चाळीस माणसे धरील.

आपली नम्र, पण कबूल नसलेली,
(सही)
अर्जदार विद्यार्थिनी, बैठक क्रमांक ४७
दि. ११ मे

सोबत : १) दोन रकान्यांचा हिशेब, लाल रेघेसह. २) प्रयोगाची नोंद. ३) नोटिशीची प्रत. ४) फेरसादरीकरण नमुना, कोरा.