बोर्डावरची गाडी

बाबा, ती गाडी आपली नव्हती.

एवढं एक वाक्य लिहून मी उठलो, चहा पिऊन आलो, परत वाचलं. तुम्ही गेल्यापासून तुम्हाला काही लिहावं असं कधी सुचलं नाही, आणि आता बसलोय ते तक्रार करायला. परवा रविवारी दुपारी तुमची नात मोबाइल घेऊन गॅरेजमध्ये आली. हुडकेश्वरच्या या गॅरेजच्या बोर्डावर जी गाडी रंगवलीय, लांब नाकाची, बसक्या अंगाची, केशरी-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची, तिच्या त्या जुन्या शर्यतीचा व्हिडिओ पोरीला कुठूनतरी सापडला होता. गॅरेजचं नावच 'तिरंगा'. येईल त्या गिऱ्हाइकाला मी बोर्डाकडे बोट दाखवून सांगत आलो की ही आपल्या देशाची गाडी, हिला जिंकताना मी माझ्या बापासोबत पाहिलंय. पोरीनं व्हिडिओ लावून माझ्यापुढं धरला. मग म्हणाली, "पप्पा, ही तर आयर्लंडची आहे. त्यांच्या झेंड्यातही हेच तीन रंग असतात. आपली ती पाहा, निळी." मी हसलो. म्हटलं, "काही बी काय बोलून राहिली वं!" तिनं पडद्याच्या तळाशी आलेल्या नावावर बोट ठेवलं. मी ते तीनदा वाचलं.

तो रविवार मला जसाच्या तसा आठवतो. बसडेपोच्या वर्कशॉपातल्या तुमच्या जोडीदार काकांनी तुम्हाला सांगितलेलं असतं की देशादेशांच्या गाड्यांची शर्यत असते, प्रत्येक देशाची एकच गाडी, आणि त्यात आपलीही आहे. तेव्हापासून तुम्हाला चैन नाही. शर्यतीच्या वेळेला नेमकी लाइन जाते, आणि येते तेव्हा शेवटच्या चार फेऱ्या उरलेल्या असतात. आपला टीव्ही सेकंडहँड, त्यात माणसांची तोंडंही हिरवट दिसायची, आणि वर केबलच्या मुंग्या. त्या मुंग्यांतून तीन रंग सर्रकन जातात आणि तुम्ही खाटेवरून ताडकन उठता. "आपलीच होय! पाय ना गा, सगळ्याइच्या पुढं आपली हाय!" मग डोळे मिटून नुसता आवाज ऐकत राहता, वर्कशॉपात स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून ऐकायचात तसा. "काय खणखणीत चालून राहिली!" ती गाडी जिंकली आणि मी तुमचे दोन्ही हात धरून घरभर नाचलो. त्या हातांच्या नखांतलं काळं ऑइल कधी निघायचं नाही. त्याच हातांची लाज वाटून मी तुम्हाला शाळेत येऊ नका म्हणून बजावलं होतं, आणि तुम्ही एका शब्दानं का म्हणून विचारलं नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की माझा बाप करतो तेच काम करणाऱ्यांनी आज देश जिंकवला. पुढच्या पालकसभेला मीच तुम्हाला हाताला धरून घेऊन गेलो.

आणि ती गाडी आयर्लंडची! बाबा, आयर्लंड कुठं आहे हे तरी आपल्या दोघांना माहीत होतं का?

काल न राहवून मी तुमच्या त्या जोडीदार काकांना त्यांच्या गावी, खाप्याला, फोन लावला. आता फार थकलेत, पण आवाजाला तीच धार आहे. विचारलं, बाबांना हे कधी कळलं होतं का. "कळलं होतं मंजे? म्याच त सांगतलं ना. सोमवारी तुहा बाप संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला. अर्धी वाटून झाली आन् म्या त्याले पेपर दाखोला. सारे हासाले लागले. त्यानं पेपराची घडी केली, खिशात टाकली, आन् उरलेली बर्फी बी वाटून टाकली. मंग मले बाजूले नेलं. म्हणे, पोराले सांगू नको गा. काल तो माह्या हाताले धरून नाचला." मी फोन ठेवला आणि काही काम नसताना जॅकवर चढवलेल्या गाडीखाली जाऊन पडून राहिलो. गॅरेजातली पोरं समजली, साहेब कामात आहेत.

म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या रविवारी तुम्हाला माहीत होतं. तुम्ही टीव्हीच्या अगदी पुढ्यात उभे राहायचात, खालचा अर्धा पडदा झाकून. मी म्हणायचो, "बाबा, काहीच दिसून नाही राहिलं." एकदा तुम्ही असे खेकसलात की मी रडायच्या बेतात आलो. "गाडी पाय! अक्षरं काय पायतं?" तो राग कशाचा होता ते मला इतक्या वर्षांनी कळलं. बोर्ड रंगवून घेतला तेव्हाही तुम्ही होतात. उन्हात बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिलात, काहीतरी बोलायला तोंड उघडलंत, आणि म्हणालात, "रंग चांगला बसला." मला वाटलं, म्हाताऱ्याचा ऊर भरून आला. मला तुमचा भयंकर राग आला आहे, बाबा. निदान त्या दिवशी तरी सांगायचं होतं.

आज सकाळी मी ती शर्यत एकट्यानं पहिल्यापासून पाहिली. आपली निळी गाडी दुसऱ्याच फेरीत बंद पडते. तिला कडेला नेऊन, वरचं आवरण काढून चार मेकॅनिक तिच्यावर ओणवे होतात. कॅमेरा तिथं थांबतही नाही. कितीतरी वेळानं ती पुन्हा बाहेर पडते, जिंकायची काडीची आशा नसताना, आणि सगळ्यांच्या मागून शेवटपर्यंत धावते. त्या चौघांनी ती चालती केली. तिच्यासाठी आपल्या दोघांपैकी एकजणही ओरडला नव्हता. आज मी ओरडलो. घरात कोणी नव्हतं म्हणून बरं.

पोरगी म्हणते, "पप्पा, बोर्ड बदला, लोक हसतील." तिचं बरोबर आहे. पेंटरला निरोप दिलाय, असं मी तिला सांगितलंय. दिलेला नाही.