मुका भोंगा

१ फेब्रुवारी, शनिवार

मेहुणा ट्रॅकरवर अडून बसलाय. रॉकेट तयार आहे – साडेसहा फूट, फायबरचं, तीन महिने आम्ही दोघांनी वर्कशॉपच्या मागच्या खोलीत घासून घासून केलेलं. आणि आता घोडं अडलंय ते हरवलं तर काय, यावर.

"दाजी, तीन हजार फूट जाणार ते. वारा असला तर कुठच्या कुठे पडेल. टोकात जीपीएस, आपल्या हातात रिसीव्हर. सरळ चालत जायचं नि उचलायचं."

बोलतो बरोबर. पण त्या जोडीच्या किमतीत दुसरं अख्खं रॉकेट होतं. रॉकेट क्लबची परीक्षा त्याची असली तरी खर्च माझा.

अल्टीमीटरला मी नाही म्हटलं नाही. हवेच्या दाबावरून उंची ओळखतो, सगळ्यात वर गेलं की लहान पॅराशूट सोडतो, जमिनीजवळ मोठं. तिथे काटकसर केली तर रॉकेट भाल्यासारखं येऊन कुणाच्या तरी टाळक्यात बसेल. तो चांगला घेतला.

शोधायला काय लागतं? कान. ते माझे फुकटचे आहेत.

३ फेब्रुवारी

दुपारभर बाजार. किल्ल्या हरवू नयेत म्हणून लावतात तो बिल्ला पाहिला – चाळीस पावलांच्या आत असलात तर सापडतो म्हणे. चाळीस पावलांवर असेल तर मी डोळ्यांनीच नाही का बघणार! गाड्यांना लावतात तो सिमकार्डवाला स्वस्त आहे, पण उडवायच्या मैदानावर फोनला रेंज नाही. म्हणजे तोही बाद.

राहिला भोंगा. खडूएवढा. पिनेची दोरी पॅराशूटला बांधायची. पॅराशूट उघडलं की पिन निघते आणि हा ओरडायला लागतो. दुकानदार म्हणाला, आवाज जाडा नाही, सुईसारखा बारीक आहे, लांबून टोचतो. मी गिऱ्हाइकाच्या फोनसाठी बाहेर आलो होतो. काचेतून पाहिलं – मेहुणा आणि दुकानदार, दोघांची बोटं कानांत. पुरे झालं. आत जाऊन म्हटलं, बांधा.

मेहुणा वाटभर खिडकीबाहेर बघत होता. तोंड असं, जणू त्याला मुलगी बघायला नेऊन पत्रिका फाडली.

९ फेब्रुवारी, रविवार

बायको सकाळपासून कटकट करतेय. "मशीन कधीचं ओरडतंय, त्यातले कपडे तरी काढा." मशीन नाही ओरडत, ती ओरडते.

काल कारखान्यातली एक मोठी मोटार आली होती. तिघं मेकॅनिक थकले. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला लावलं, मूठ कानाला. मागचं बेअरिंग, आतली कडी गेली. उघडलं तर तेच. याच कानांवर दुकान उभं केलं, घर उभं केलं, मेहुण्याला बावीस वर्षं कॉइल भरायच्या कामावर ठेवलं. आणि तो मला ट्रॅकर शिकवतो!

१६ फेब्रुवारी, रविवार

गेलं.

म्हणजे उडालं छान. सरळ, धुराची रेघ काढत. पॅराशूट दोन्ही उघडली. मग वाऱ्याने उचललं आणि नाल्यापलीकडच्या झुडपांत नेलं.

आधीचं लिहितो. लाँचपॅडवर अल्टीमीटर जोडण्या तपासतो आणि टिकटिक करतो – तीन टिक म्हणजे सगळं ठीक. वाऱ्यात मला नीट कळलं नाही. मेहुणा म्हणाला तीन. भोंग्याची दोरी त्यानेच बांधली. बांधताना माझी नजर नव्हती. हे लिहून ठेवतो.

परीक्षक म्हणजे क्लबचे मास्तर, निवृत्त शिक्षक. त्यांचा नियम एकच – "नुसतं उडवून पास नाही. सूर्य मावळायच्या आत माझ्या टेबलावर, धडधाकट." मेहुणा पास झाला असता तर त्याला मोठ्या मोटरची रॉकेटं उडवायचं प्रमाणपत्र मिळणार होतं. चार वर्षं त्याच्या मागे आहे.

तो झुडपांकडे निघाला होता. मी म्हटलं, "तू नाल्याच्या अलीकडे बघ. तिकडे माझे कान आहेत." तो वळला.

तीन तास. दर पन्नास पावलांवर थांबायचं, श्वास धरायचा, ऐकायचं. पानांची सळसळ, लांबचा ट्रॅक्टर, माझेच गुडघे. भोंगा नाही. पाण्याची बाटलीही कुठेतरी विसरलो.

परत आलो तर तंबूच्या कापडापलीकडे क्लबातले दोघं बोलत होते. "एवढं वर्कशॉप, आणि ट्रॅकर घेता येत नाही?" "अरे, त्यांचे कानच ट्रॅकर आहेत." हसले. ते बरोबर ऐकू आलं मला.

मास्तरांनी वहीत नापास लिहिलं. मेहुणा रॉकेटचा रिकामा स्टँड गाडीत भरत होता.

१७ फेब्रुवारी

मेहुणा पहाटे एकटाच मैदानावर गेला आणि दुपारी रॉकेट घेऊन दुकानात आला. ओरखडाही नाही. दुसऱ्या हातात माझी बाटली.

"तुमच्या बाटलीपासून वीस पावलं, दाजी. वाजत होता अजून. आवाज बसलाय, पण वाजत होता."

वीस पावलं! मी म्हटलं, वाजत असता तर मी ऐकला नसता? दोरी बांधायला विसरलास तू. आता सापडल्यावर पिन उपटलीस आणि मला सांगतोस वाजत होता. स्वतःचा गाढवपणा माझ्या काटकसरीवर ढकलतोस.

सगळे कामगार बघत होते. मी आवाज खाली आणला नाही.

त्याने रॉकेट बाकावर आडवं ठेवलं. मग बाटली टेबलावर ठेवली. "पाणी आहे अजून यात," म्हणाला आणि गेला.

१८ फेब्रुवारी

कामावर आला नाही.

२० फेब्रुवारी

बायको माहेरी. म्हणजे त्याच्याकडेच. जाताना म्हणाली, "माझा भाऊ मूर्ख असेल, खोटारडा नाही." बावीस वर्षांत त्याला एकदा तरी मी काही कमी केलं का? हे तिने विचारावं त्याला.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद. एकटाच बसलो. भोंगा रॉकेटमधून सोडवला, नवी बॅटरी घातली, पिन उपटली. लाल दिवा लागला. आवाज शून्य. स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं – तरी नाही. मुका आहे!

म्हणजे दोरी बांधली असेलही. पण "वाजत होता" हे खोटंच. मुक्याला वाजवतो हा!

मास्तरांना फोन केला. मेहुण्याने क्लबातही 'भोंगा वाजत होता' असंच सांगितलंय म्हणे. मग म्हणाले, "क्लबशी खोटं बोलला असेल तर यादीतून त्याचं नाव काढावं लागेल. तुमची खात्री आहे ना?" म्हटलं, शंभर टक्के. माझ्या कानांनी ऐकलंय – म्हणजे ऐकलं नाहीये.

मास्तर हसले नाहीत.

२४ फेब्रुवारी

मास्तरांचा निरोप – नाव काढलं.

२५ फेब्रुवारी

बायको आली. कपडे न्यायला. म्हटलं, भावाचा पुरावा बघून जा. भोंगा टेबलावर ठेवला, पिन उपटली.

तिच्या हातातली पिशवी पडली. दोन्ही तळवे कानांवर. "अहो, बंद करा ते आधी! डोक्यात जातंय!"

लाल दिवा लुकलुकत होता. तिचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. तेवढंच.