डिसेंबरभर नातेवाईक नाहीत

कुकटपल्ली,
१४ डिसेंबर १९९५

प्रिय सुनंदाबाई,

शाळेत मी तुम्हाला जी हाक मारत होते, तीच लिहिली आहे. दुसरी अजून तोंडात बसलेली नाही.

आमच्या कारखान्यात वर्ष दोनदा संपतं. परदेशी भागीदार आल्यापासून त्यांचं डिसेंबरमध्ये, आणि आपल्या सरकारचं नेहमीप्रमाणे मार्चमध्ये. दोन्ही वेळा ते माझ्याच टेबलावर येऊन संपतं. आप्पांना वाटतं, ह्यूमन रिसोर्स मॅनेजर म्हणजे पूर्वीचा पर्सोनेल ऑफिसरच, फक्त दारावरची पाटी नवी. एकनाथराव या खुर्चीत बसत होते तोवर ते खरंही होतं. आता वर्षअखेरीला प्रत्येक कामगाराला श्रेणी द्यावी लागते, आणि प्रत्येक विभागात कुणीतरी शेवटच्या श्रेणीत असावंच लागतं, सगळे चांगले असले तरी. त्या शेवटच्यांपुढे मार्चच्या आत स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवायचा. स्वेच्छा हा शब्द कंपनीचा आहे.

मी प्रॉडक्शन इंजिनिअरिंग शिकले ते यंत्रांसाठी. सुटा भाग मापात बसला नाही तर बाजूला काढतात. त्यात कुणाच्या घरचं काही जात नाही. माणसांचं माप मात्र फोरमन मला देतच नाहीत. पेंट शॉपच्या शिवराजनी सगळ्यांच्या नावापुढे एकच वाक्य लिहून पाठवलं: काम ठीक, स्वभाव ठीक. मी कागद परत पाठवले, तेव्हा ते स्वतः वर आले आणि म्हणाले, मॅडम, एक नाव हवंच असेल तर माझं घाला, घरी बसलो तर निदान बायकोला भाजी आणून देणारा माणूस मिळेल. मी हसले नाही. ते गेल्यावर हसू आलं, पण तेव्हा खोलीत कुणी नव्हतं.

डिसेंबर लागला की नातेवाईक येतात. कुणाचा मेहुणा शिफारशीची चिठ्ठी घेऊन, कुणाची बायको अरिसेलुंचा डबा घेऊन. आपल्या अनारशांसारखेच असतात ते. गेल्या वर्षी एका फिटरची आई माझ्यासमोर बसली. तिने काही मागितलं नाही, नुसती टेबलाची कड पदराने पुसत राहिली. मी तिच्या मुलाची श्रेणी बदलली. त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव गेलं, ज्याची आई आली नव्हती. म्हणून यंदा मी गेटवर सूचना दिली, की डिसेंबरभर कुणाचेही नातेवाईक वर सोडायचे नाहीत, आणि डबे तर घ्यायचेच नाहीत. नियम बरोबर आहे, असं मला आजही वाटतं.

माझी खोली ठीक आहे. घरमालकीण सत्यवतीगारू रोज जिन्यात विचारतात, तिन्नावा? म्हणजे जेवलीस का. मी हो म्हणते. कामाखेरीज दिवसभरात माझं एवढंच बोलणं होतं. चिक्कडपल्लीच्या घरून रोजचा बसचा प्रवास झेपत नाही, असं सांगून मी इथे आले, ते तुमच्या आणि आप्पांच्या लग्नानंतरच्याच महिन्यात. तुम्ही तेव्हा फक्त माझं कपाट पूर्ण रिकामं करू दिलं नाहीत. दिवाळीला मी वर्षअखेरीचं काम आहे म्हणून कळवलं. काम होतंच.

काल गेटवरचे खाजामियाँ सह्या घ्यायला वर आले. आपण नियम किती कडक पाळतो ते कळावं म्हणून त्यांनी सोमवारची हकीगत सांगितली. एक बाई भर दुपारी आल्या होत्या, हातात डबा, मॅडमना द्यायचाय म्हणत होत्या. “मैं पूछा, मॅडम के कौन होते आप? तो बोले, कोई नै, पहचान के हैं. अब रिश्तेदारां को छोड़ रहे नै, पहचान वालों को कैसा छोड़ना? वापस भेज दिया.” शाबासकीसाठी ते थांबले होते. मी ती दिली. त्यांनी माझाच नियम पाळला होता. मग त्या बाईंच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती का, एवढं विचारलं. ते हो म्हणाले.

सोमवारी माझा वाढदिवस होता. इथल्या सगळ्यांच्या जन्मतारखा माझ्याकडे असतात, माझी कुणालाच माहीत नाही.

तुम्ही आई म्हणाला असतात, तरी खाजामियाँनी सोडलं नसतं. पण तुम्ही तसं म्हणाला नाहीत, आणि ते माझी अडचण होऊ नये म्हणून, हे मला समजलं. काल दुपारपासून मी श्रेण्यांचे कागद पुढ्यात घेऊन बसले आहे, आणि मला तुमचं ते उत्तरच ऐकू येतंय. म्हणून हे पत्र. डिसेंबर संपेपर्यंत नियम मोडता येणार नाही, तेव्हा तुम्ही एवढ्या लांब पुन्हा येऊ नका. या रविवारी मीच येते. आप्पा रविवारी सकाळी वाचनालयात जातात, घरी नसतात, हे मला ठाऊक आहे. मी त्याच वेळी येईन.

तुमचीच,
मनीषा