बंद फोनातलं नाव

१२ जानेवारी, सोमवार
फोनला कुलूप असलं तरी त्यातून घरी फोन लागतो! आजच कळलं मला. संक्रांतीला आलेली नात पुनम शिकवून राहिली. आपण कुठं चक्कर येऊन पडलो, तर अनोळखी माणूससुद्धा बंद फोनातून आपल्या माणसाला बोलावू शकतो. केवढं डोकं! तिनं माझ्या फोनात यांचा नंबर टाकला, मी लगेच लावून पाहिला. गोठ्यातून हे ओरडले, "काहून वाजवून राहिली?"

"आज्जी, आजोबांचं नाव सांग की, टाकते."
उखाण्याबिगर मी नाव घेत न्हाई म्हटलं. मग तिनं 'पुनमचे आजोबा' टाकलं.

रक्त कोणतं, विचारलं. लालच असल! काही बाधतं का? वांग्यानं खाज सुटते. तेही लिहून घेतलं – फोनाला वांगंही कळतं!

मग माझं नाव. रुख्मिणी. पण हे सासरचं. माहेरी मी गोजर. लग्नात तांदळात बोटानं नवं नाव काढलं, गोजर तिथंच राहिली. एक भाऊ तेवढा म्हणायचा. तोही गेला. हे तर 'ऐकलं का' म्हणतात, बस.

१३ जानेवारी
खरी गरज यांनाच. परवा हळदीच्या रानात घाम फुटून खालीच बसले. एकट्यानं फिरू नका, डॉक्टरनं बजावलं. तरी औंढ्याच्या बाजाराला एकटेच जाणार!
पुनमनं यांचा फोन मागितला. "एक नंबर टाकू द्या, आजोबा."
"टाकलाय मी. मोबाइलच्या दुकानातल्या पोरीकडून."
"कुणाचा?"
"तुला काय करायचं?"

कुणाचा असल? आमच्या विश्वजीतचा? तो पुण्यात, येईपर्यंत रात्र व्हायची. दोस्त रामकिशनचा? त्याला तर ऐकूच येत न्हाई! माझा असता तर सांगायला काय झालं होतं? सकाळपासून हेच घोळून राहिलं डोक्यात. भाकर करपली.

१४ जानेवारी
तिळगूळ हातावर ठेवून पुन्हा विचारलं. म्हणे, "गोड बोला म्हणतात, तपास करा न्हाई म्हणत!"
हसून हसून पोट दुखलं. पण सांगितलं न्हाईच.

२० जानेवारी
गेलेच औंढ्याला. फोन खिशात आहे, एवढं पाहिलं. आतलं कोण जाणे.

२० जानेवारी, सांजच्याला
स्टँडवर चक्कर आलीच. आता बरे आहेत, बाजेवर पडलेत. पुनम अन् मी स्कूटीवर गेलो, डॉक्टरला दाखवून रिक्षातून घरी आणलं.

फोन यांच्याच नंबरावरून आला, पण आवाज अनोळखी बाईचा. "मावशी, बाबा शुद्धीवर आहेत, घाबरू नका. फोनात तुमचंच नाव आहे. तुमी गोजर ना?"

व्हय, मीच गोजर, म्हटलं अन् पुनमला स्कूटी काढायला लावली.

आता बाजेवरून आवाज येऊन राहिला, "ऐकलं का? चहा!" ऐकलं. पण आज नावानं बोलावतील, तरच उठणार!